शून्यागाराचा पत्ता

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की दूरचित्रवाणीच्या चित्रपटवाहिन्यांवर भयपटांची रांग लागते, आणि तिच्या पाठोपाठ दोन ठरावीक तक्रारी सुरू होतात. पहिली तक्रार अशी की 'हॅलोवीन' हा आपला सण नव्हे. बाजाराने तो आपल्या माथी मारला आहे. दुसरी तक्रार अशी की भुताखेतांच्या या प्रदर्शनाने अंधश्रद्धेला खतपाणी मिळते. तक्रार करणारे हे दोन पक्ष एरवी एकमेकांचे हाडवैरी. पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. भयपट पाहणाऱ्याला काही कळत नाही, असे दोघेही गृहीत धरतात. एकाच्या लेखी तो परसंस्कृतीचा बळी, दुसऱ्याच्या लेखी अज्ञानाचा. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या एकमतावर आहे. त्याहून अधिक आक्षेप आहे तो तिसऱ्या एका पक्षावर. हा पक्ष तक्रारही करीत नाही, कारण या विषयाकडे पाहणेच त्याला कमीपणाचे वाटते. तो पक्ष म्हणजे आपण, मराठीचे समीक्षक आणि अध्यापक.

माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो. दूरचित्रवाणीवरील भयपटाविषयी 'हे आपले की परके' आणि 'हे खरे की खोटे' हे दोन्ही प्रश्न गौण आहेत. विचारण्याजोगा प्रश्न भयाच्या पत्त्याचा आहे: हे भय कोणाच्या घरात घडते, आणि कोणाच्या घरात पाहिले जाते? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या कल्याणपलीकडच्या पट्ट्यातून हा प्रश्न विचारला, तर आपल्या भयकथेविषयी आणि आपल्या समीक्षेविषयीही काही अप्रिय गोष्टी उघड होतात.

१

प्रथम परकेपणाचा मुद्दा. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडून नरकासुराचा वध करणारी संस्कृती वर्षाच्या याच काळात मृत्यूचे आणि असुराचे भान ठेवत आली आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यमासाठी दिवा लावला जातो, गोव्यात नरकासुराच्या प्रतिमा पहाटे जाळल्या जातात. ऋतू बदलताना, दिवस आखडत असताना मृतांची आठवण काढणे ही कोणा एका खंडाची मक्तेदारी नाही. शिवाय हॅलोवीन ही ज्या सणाची पूर्वसंध्या, तो सर्व संतांचा दिवस आणि त्याला लागून येणारा २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन वसईतील मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान् पिढ्या पाळत आली आहेत. त्यांना वगळून 'आपले' या शब्दाची सीमा आखायची असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. मुखवट्याविषयीही तेच. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, आज पालघरमध्ये गेलेल्या जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याचे मुखवटे रात्रभर नाचतात. तेव्हा मुखवटा परका, भय परके, मृतांची रात्र परकी, हा सारा युक्तिवाद इथल्याच मातीवर टिकत नाही.

परंतु देशीपणाच्या या युक्तिवादाची खरी कसोटी लागते ती उल्हासनगरात. 'साहित्यातील देशीयता' हा विचार भालचंद्र नेमाडे यांनी मांडल्यानंतर मराठी समीक्षेत देशीपणाचा जो उच्चार झाला, त्याने अनेक उसनी मापे मोडीत काढली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र या विचाराच्या अनुयायांनी भूमी आणि समूह यांचे नाते अखंड असते असे धरून चालण्याची सवय लावली. ज्या समूहाची भूमीच मागे राहिली, त्याचे देशीपण कोठे शोधायचे? कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांना वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. तरीही 'कॅम्प' हा शब्द आणि त्यापुढचे एक ते पाच हे आकडे तेथील पत्त्यांत आजही आहेत. या माणसांची घरे, स्मशाने आणि म्हणून त्यांची भुतेही सिंधमध्ये राहिली.

आणि ज्याला आपण हिंदी भयपट म्हणतो, तो घडवला कोणी? फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आले, आणि रामसे या नावाने त्यांचे कुटुंब चित्रपटव्यवसायात उतरले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून दरोडा घालतात तेवढा प्रसंग पाहायला लोक येतात, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानात आले. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यातून निघाला आणि चालला. 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९) हे त्यापुढचे टप्पे. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि हे भय केबलच्या तारेवरून घराघरांत शिरले. अंबरनाथच्या चाळीत नव्वदीच्या दशकात जे 'आपले' भूत पाहिले गेले, ते असे एका विस्थापित सिंधी कुटुंबाने घडवलेले होते. देशी भुताचा हा वंशवृक्ष देशीवाद्यांनी एकदा वाचून पाहावा.

२

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा. तो अधिक गंभीर आहे, आणि त्यामागे किंमत मोजलेली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूतबाधेच्या नावाने माणसांना मारहाण होते, भगताच्या दारात माणसे दगावतात, त्या समाजात भुताच्या चित्रणाविषयी सावध असणे हे विवेकाचे लक्षण आहे. तेव्हा या पक्षाशी माझा वाद हेतूविषयी नाही, वाचनपद्धतीविषयी आहे.

त्या कायद्याचा रोख अलौकिक शक्तीचा दावा करून माणसाला फसवणाऱ्यावर आणि इजा करणाऱ्यावर आहे. कथा असा दावा करीत नाही; आपण कथा आहोत हे ती पहिल्या क्षणापासून सांगत असते. तोदोरोव्हने १९७० साली अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली तिच्या केंद्रस्थानी संशयावस्था आहे: जे घडते आहे ते निसर्गनियमांत बसते की नाही, याचा निर्णय वाचकाला करता न येणे. आता अंधश्रद्ध माणसाचा विचार करा. त्याच्या मनात संशय नसतोच. त्याला खात्री असते. खात्री असलेला माणूस भगताकडे जातो. भयकथेचा आस्वाद घ्यायला खात्री नसलेला माणूस लागतो. तो विवेकाच्याच कुळातला. मालिकेच्या आरंभी 'आम्ही अंधश्रद्धेचे समर्थन करीत नाही' अशी पाटी झळकावून ही संशयावस्था सुधारतही नाही आणि बिघडतही नाही. त्या पाटीने फक्त वाहिनीची कातडी वाचते.

विवेकवाद्यांनी विचारण्याजोगा प्रश्न वेगळा होता. कथेतील मांत्रिकाला यश मिळते की अपयश? बाधा कोणाला होते, सुनेला की सासऱ्याला? उपाय सांगणारा पुरुष कोणत्या जातीचा आणि बाधित स्त्री कोणत्या? हे प्रश्न विचारायचे तर संहिता पाहावी लागते, आणि संहिता पाहण्याचे काम समीक्षेचे आहे.

३

येथे आपण आपल्यापाशी येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि भयानक हा त्यांपैकी एक. पदव्युत्तर वर्गात आपण तो परिभाषेचा भाग म्हणून शिकवतो. शृंगारासाठी मराठी उदाहरण, करुणासाठी मराठी उदाहरण, हास्यासाठी तर कितीतरी. भयानकाशी आल्यावर मात्र संस्कृत नाटकातले उदाहरण देऊन पुढे सरकतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी उभे आयुष्य हा रस मराठीत लिहिण्यात घालवले, आणि खाजगी वाचनालयांनी त्यांची पुस्तके झिजेपर्यंत फिरवली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भय मध्यमवर्गीय शहरी घरात आणले आणि छोट्या पडद्यावरही नेले. जी. ए. कुलकर्णींच्या कथेतील भय आपण 'नियती' या नावाने प्रतिष्ठित केले. धारपांच्या कथेतील भयाला 'भूत' हेच नाव राहिले, म्हणून ते ग्रंथालयाच्या रंजनपर कपाटात गेले. या दोन लेखकांची गुणवत्ता सारखी आहे असे माझे म्हणणे नाही. एकाची परीक्षा झाली आणि दुसऱ्याची परीक्षा न घेताच निकाल लागला, एवढेच मला नोंदवायचे आहे.

भरताने भयानकाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, घुबड, कोल्हे, अरण्य यांच्याबरोबर शून्यागाराचा, म्हणजे ओस पडलेल्या घराचा, निर्देश केला आहे. आणि त्याच यादीत स्वजनांचा वध किंवा बंधन पाहण्याचा वा त्याविषयी ऐकण्याचाही. १९४७ नंतर कल्याण कॅम्पच्या बराकीत पहिली रात्र काढणाऱ्या कुटुंबांसमोर ही सारी यादी होती: ओस इमारत, अनोळखी रान, आणि मागे राहिलेल्यांविषयी कानांवर येणाऱ्या वार्ता. भयानक रसाचा मराठी प्रदेशातील एवढा मोठा विभावसमूह आपल्या समीक्षेला कधी दिसला नाही. दिसणार कसा? आपण शून्यागार शोधत होतो तो वाड्यात.

४

वाडा हा या वादाचा गाभा आहे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २०१६ साली सुरू झाली, आणि पुढे २०१९ व २०२१ मध्ये तिचे आणखी दोन भाग आले. कोकणातला वाडा, घरच्या कर्त्याचा मृत्यू, मुंबईहून परतलेली मुले, मालमत्तेची कुजबुज. 'तुंबाड' (२०१८) मध्येही वाडा आणि वारसा. 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाचे मूळ कोकणातल्या झाडाखाली. मालिकेने कोकणाची बदनामी होते असा आक्षेप तेव्हा कोकणातूनच घेतला गेला. माझा आक्षेप नेमका उलट दिशेचा आहे: या भुतांनी कोकणाला मान दिला आहे, आणि तो मान इतरांना नाकारला आहे.

कारण भूत असणे हा मालकीचा पुरावा असतो. मराठी भुतांची नावेच पाहा. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी मेलेला तो मुंजा; म्हणजे ज्याला मुंज नाही त्याचा मुंजा होत नाही. समंध होतो तो ठेव्यात किंवा वतनात जीव अडकलेल्याचा. आळवंतीण बाळंतपणात दगावलेली. तिच्या वाट्याला मालमत्ता नाही, केवळ अपुरा राहिलेला संसार. आपली भुतावळ ही जात, लिंग आणि मिळकत यांची एक नोंदवही आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे आजोबा भाड्याच्या खोलीत वारले आणि ती खोली पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला दिली गेली, त्याच्या आजोबांनी भूत होऊन यायचे कोठे?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा पट्टा अशा माणसांचा आहे. सिंधमधून बराकीत आलेली. गिरणगावातून, कोकणातून, घाटावरून आणि खानदेशातून, तसेच उत्तर भारतातून घराच्या परवडणाऱ्या किमतीमागे सरकत आलेली. मुंबईच्या कामावरून लोकलने दीड तासाच्या आसपास प्रवास करून ती घरी पोचतात. घर एका खोलीचे किंवा दोन खोल्यांचे. त्यात दूरचित्रवाणी संच. संचासमोर आजी, पोळ्या लाटणारी आई, अभ्यासाचे सोंग घेतलेली मुले, उघड्या दारातून डोकावणारे शेजारी. ट्यूबलाइट चालूच. पडद्यावर शून्यागार, आणि पडद्यासमोर माणसांनी गच्च भरलेली खोली. दूरचित्रवाणीवरील भयपटाचा हा मूळ विरोधाभास आहे, आणि चित्रपटगृहाच्या अंधारावर आधारलेले कोणतेही सिद्धांतन त्याला पुरे पडत नाही. या प्रेक्षकाला वाड्याची भीती वाटते ती खरीच. पण तिच्यात एवढ्या खोल्यांच्या घराची असूयाही मिसळलेली असते. बारा खोल्यांत एक भूत म्हणजे माणशी जागा पुष्कळच.

फ्रॉइडने १९१९ साली भयचकित करणाऱ्या अनुभवाची चर्चा करताना 'उनहाइमलिख' या जर्मन शब्दाची फोड केली. घर या अर्थाच्या शब्दापासून तो बनतो. त्या शब्दातले भय बाहेरून येत नाही, घरातलेच दडपलेले काही परत येते. या विचाराला घर गृहीत आहे. हप्त्यांवर घेतलेल्या घराचे काय, ताबा न मिळालेल्या घराचे काय, याची मांडणी इतरांनी केली आहे. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, हॅलोवीनच्याच रात्री, बीबीसीने 'घोस्टवॉच' हे नाट्य थेट प्रक्षेपणाच्या बतावणीने दाखवले. त्यातले भूत कोणत्याही किल्ल्यात नव्हते. लंडनच्या उपनगरातील एका साध्या सरकारी वसाहतीच्या घरात होते. मुलींना आवाज ऐकू येत; आई सांगे, नळांचा आवाज आहे; म्हणून त्या भुताला 'पाइप्स' हे नाव पडले. अनेक प्रेक्षक ते खरे मानून हादरले, कारण पत्ता त्यांचाच होता. हिंदीतही 'भूत' (२००३) मुंबईच्या उंच इमारतीत घडला, आणि '१३बी' (२००९) मध्ये कर्ज काढून घेतलेल्या नव्या फ्लॅटमधील संचावर त्या कुटुंबाचेच आयुष्य दाखवणारी मालिका लागू लागली. म्हणजे हे अशक्य नाही. मराठी मालिकेला मात्र अजून वाड्याचाच सोस आहे, आणि त्याबद्दल तिला जाब विचारायला कोणी नाही.

५

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लोकांना घराबाहेरचे भय हवे असते. स्वतःच्या घरातले भय पाहायला कोण बसेल? भयाचा आस्वाद अंतरावर अवलंबून असतो, हे खरेच. पण या माध्यमातील अंतराचा खेळ दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन' (१९७८) मध्ये मुले त्या रात्री दूरचित्रवाणीवर १९५१ चा जुना भयपट पाहत बसलेली दाखवली आहेत. आणि खरा मारेकरी समोरच्या घरात, त्यांच्याच गल्लीत आहे. पडद्यावरचे दूरचे भय आणि खिडकीबाहेरचे जवळचे भय यांना एकाच चौकटीत आणण्याची हिंमत त्या व्यापारी चित्रपटाने दाखवली. आपल्या मालिकेने दूरच्या भयाची खिडकी उघडली आणि जवळच्या भयाची लावून घेतली.

जवळचे भय म्हणजे काय, हे या पट्ट्याला शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरांत शिरली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे गेली. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतील लहान मुलींवरील अत्याचारांविरुद्ध बदलापुरात लोक रुळांवर उतरले. या दुःखांचे भयपट बनवा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तशी मागणी निर्लज्ज ठरेल. माझे म्हणणे इतकेच की डोक्यावरच्या स्लॅबकडे पाहत झोपणारा माणूस वाड्याच्या तुळईची करकर ऐकतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. त्याला त्याच्या भयासाठी जे एकमेव रूप उपलब्ध आहे, ते तो वापरतो आहे.

अभिनवगुप्ताने भयानकाचे विवरण करताना 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. तेथे भय 'माझे' किंवा 'त्याचे' राहत नाही, देशकालाच्या बंधनातून सुटते, असे त्याचे सांगणे. साधारणीकरणाचा हा सिद्धांत आपण श्रद्धेने शिकवतो. पण साधारण कोणते भय होते, याची निवड कोणी तरी करीत असते, हे शिकवायचे राहून जाते. वाडा साधारण झाला. बराक, चाळ आणि ताबा न मिळालेला फ्लॅट विशेषच राहिले, वृत्तपत्राच्या जिल्हापानापुरते. हरणाच्या भयाला देशकाल नसेल. हरणाला मात्र रान होते.

म्हणून समीक्षेकडे माझी मागणी साधी आहे. धारप आणि मतकरी यांना 'लोकप्रिय साहित्य' या टोपलीतून काढून रसचर्चेच्या मुख्य प्रवाहात वाचावे, आणि तेथे ते न टिकल्यास तसे सकारण सांगावे. दूरचित्रवाणीच्या भयमालिकेला संहिता मानून तिचे घर, तिची जात, तिची मिळकत तपासणारे प्रबंध लिहून घ्यावेत. उल्हासनगरातील सिंधी वृद्धांच्या, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतील आणि आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील भुतांच्या कथा, त्या सांगणारी पिढी आहे तोवर, त्यांच्याच भाषेत नोंदवाव्यात. या कामासाठी ऑक्टोबरअखेरीची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी विभागांना बदलापूर लोकलचे तिकीट काढावे लागेल, एवढेच.